गाडीची वॉरंटी कंपनी देते, कंपनीची कोण देतं?

ज्यांना एसटीत नेटवर्क मिळत नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना शंभर वेळा येणारं "म्हणजे बघा" थोडं गाळलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय डोक्यात आला तो बाबांमुळे. आम्ही दोघं खामगावहून अकोल्याला नवी गाडी बघायला गेलो होतो. कुठल्या कंपनीची ते सोडा, आजच्या गोष्टीत त्याला महत्त्व नाही. शोरूममधला मुलगा माझ्याच वयाचा. टेस्ट ड्राइव्ह झाली, चहा आला, कोटेशन छापून आलं. खालच्या बाजूला, इन्शुरन्स आणि फास्टॅगच्या मध्ये, एक ओळ होती: एक्स्टेंडेड वॉरंटी. "सर, तीन वर्षांची तर कंपनीची आहेच. वरची दोन घेऊन टाका, पाच वर्षं बिनधास्त."

बाबा इतका वेळ गप्प होते. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "गाडीची पाच वर्षांची गॅरंटी तू देऊन राह्यला, ते ठीक आहे. पन कंपनीची गॅरंटी कोन देते?"

तो मुलगा हसला, मीही हसलो. परत येताना बाळापूर मागे पडलं तेव्हा लक्षात आलं की बाबा विनोद करतच नव्हते. त्यांच्या पिढीने देवू जाताना पाहिली, ओपल जाताना पाहिली, शेव्हरोले आणि फोर्डही. घरी आल्यावर मी शोधायला बसलो आणि त्या प्रश्नाचा माग काढत थेट 1928 च्या मुंबईत जाऊन पोचलो.

त्याआधी वॉरंटी म्हणजे काय ते दोन मिनिटांत. नवीन गाडीबरोबर येते ती मूळ वॉरंटी, गाडीच्या किमतीतच धरलेली. ठरलेल्या वर्षांत किंवा ठरलेल्या किलोमीटरमध्ये, यातलं जे आधी संपेल तोपर्यंत, कारखान्याच्या चुकीमुळे काही बिघडलं तर कंपनी फुकट दुरुस्त करून देते. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर असे वापराने झिजणारे भाग साधारणपणे त्यात नसतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा ज्याने ते बनवले त्याची. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे वेगळे पैसे भरून हीच मुदत पुढे ढकलणं.

इंजिनिअरिंगला असताना रिलायबिलिटीत एक आलेख शिकवतात, आंघोळीच्या टबच्या आकाराचा. यंत्र नवीन असताना बिघाड जास्त, कारण जोडणीतल्या चुका तेव्हाच बाहेर येतात. मग बराच काळ शांतता, आणि शेवटी म्हातारपणात पुन्हा बिघाड वाढतात. मूळ वॉरंटीत टबाचा पहिला चढ येतो. एक्स्टेंडेडमध्ये तुम्ही बहुतांशी टबाचा सपाट तळ विकत घेता. कंपनीला ती विकायला आवडते ती यासाठीच. पण फसवणूक म्हणून तिला झटकूनही टाकता येत नाही. आजच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स इतकं आहे की एक कंट्रोल युनिट गेलं तर भरलेले पैसे एका फटक्यात वसूल होतात.

आता हिशेबाची दुसरी बाजू. हे पैसे तुम्ही आज देता आणि मोबदला चौथ्या-पाचव्या वर्षी मागता. मधल्या काळात तुमच्या हातात फक्त एक कागद असतो. आमच्या आयटीत याला सपोर्ट काँट्रॅक्ट म्हणतात. त्यात पहिला प्रश्न एकच असतो, की व्हेंडर तोपर्यंत हे प्रॉडक्ट चालू ठेवणार आहे का? गाडी घेताना हा प्रश्न आपण कुणीच विचारत नाही.

चला मुंबईला. 1928 साली जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने यायचे, शिवडीत जुळायचे, आणि शेव्हरोलेच्या मोटारी-ट्रक देशभर जायचे. भारतातला हा अशा प्रकारचा पहिला कारखाना मानला जातो. पुढे स्वातंत्र्य आलं, आणि 1953 मध्ये सरकारने धोरण ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, गाडी टप्प्याटप्प्याने इथेच बनवायची. ज्यांची तशी तयारी नाही त्यांनी जावं. 1954 मध्ये जनरल मोटर्स गेली. फोर्डही त्याच सुमारास गेली.

मागे उरल्या त्यात कलकत्त्याकडची हिंदुस्थान मोटर्स आणि आपल्या कुर्ल्याची, वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. म्हणजे अँबॅसॅडर आणि फियाट, जिला पुढे पद्मिनी म्हणू लागले. पुढची तीसेक वर्षं वॉरंटी हा शब्द कुणाच्या फार तोंडी नव्हता, आणि याचं कारण मला फार मजेशीर वाटतं. गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं थांबायचं, नंबर लागला की मिळेल ती घ्यायची. अशा बाजारात विकणाऱ्याने वचन कशाला द्यावं? रांग तर लागलेलीच आहे. आणि घेणाऱ्यालाही त्याचं फार काही नव्हतं, कारण गाडीचं डिझाइन वर्षानुवर्षं बदलायचं नाही आणि तिचे भाग मेहकरच्या गॅरेजातही मिळायचे, नाही मिळाले तर मिस्त्री दुसऱ्या कशाचा तरी भाग घासून बसवायचा. पद्मिनीची खरी वॉरंटी त्या मिस्त्रीकडे होती. कंपनी उद्या बुडाली तरी गाडी चालणार, याची लोकांना खात्री होती. खरं तर कंपनी पुढे मोटारींतून बाहेर पडलीच, आणि काळ्या-पिवळ्या पद्मिनी त्यानंतरही कितीतरी वर्षं मुंबईत धावत राहिल्या.

1991 नंतर दार उघडलं. नव्या गाड्या आल्या, त्यांच्यात कॉम्प्युटर आले, आणि मिस्त्रीच्या हातातली खात्री हळूहळू कंपनीच्या कागदावर गेली. आता कंपनी टिकणं गाडी टिकण्याइतकंच महत्त्वाचं झालं. हे लोकांना शिकवलं देवूने. कोरियाची कंपनी, 1995 मध्ये सिएलो, 1998 मध्ये मॅटिझ. गाडी छान होती, आजही जुने लोक नाव काढतात. 2000 साली तिकडे कोरियात मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. 2002 मध्ये जनरल मोटर्सने देवूचा बराचसा कारभार विकत घेतला, पण भारतातला कारखाना घेतला नाही. म्हणजे मॅटिझवाल्यांची गाडी तीच, कागद तोच, फक्त कागदावरचं नाव पोरकं झालं.

हीच जनरल मोटर्स तोवर भारतात परत आलेली होती. आधी हिंदुस्थान मोटर्सबरोबर भागीदारी, गुजरातेत हालोलला कारखाना, 1996 मध्ये ओपल अ‍ॅस्ट्रा, मग कोर्सा. 2003 मध्ये तिने शेव्हरोले हे नाव आणलं आणि 2006 पर्यंत ओपल गुंडाळलं. 2007 मध्ये शेव्हरोले स्पार्क आली. ती कोण होती? देवूच्या मॅटिझचीच पुढची पिढी. गाडी परत आली, पण नव्या आडनावाने.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मात्र शेव्हरोले म्हटलं की एकच गाडी आठवते, तवेरा. 2004 मध्ये आली. शेगावला दर्शन असो, लग्नाचं वऱ्हाड असो, की कुणाला अ‍ॅडमिट करायला रातोरात छत्रपती संभाजीनगर गाठायचं असो, तवेरा बोलवा. राजूर घाटात दहा-बारा माणसं आणि टपावर सामान घेऊन चढणारी तवेरा मी स्वतः पाहिली आहे. (नियमाने किती माणसं बसवायची असतात ते मला माहीत आहे, मेसेज करू नका.)

2 सप्टेंबर 2008 ला पुण्याजवळ तळेगावला कंपनीचा दुसरा कारखाना सुरू झाला. शिवडी सोडल्यानंतर 54 वर्षांनी जनरल मोटर्स महाराष्ट्रात परत आली. तिथून स्पार्क निघाली, 2010 पासून बीट निघाली. त्या वर्षी कंपनीने देशात लाखाच्या वर गाड्या विकल्या. तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी, आणि देखभालीचा खर्च आधीच ठरवून देणाऱ्या योजना. त्या काळात हे बऱ्यापैकी उदार वचन होतं.

मधेच 2009 मध्ये तिकडे अमेरिकेत जे झालं, ते बाबांच्या प्रश्नाचं सगळ्यात थेट उत्तर आहे. मंदीत जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दोन्ही बुडायच्या बेतात होत्या. लोक म्हणाले, उद्या नसणाऱ्या कंपनीची गाडी आम्ही आज का घ्यावी? आणि लोक घेत नाहीत म्हणून कंपनी आणखी बुडत होती. 30 मार्च 2009 ला अध्यक्ष ओबामा टीव्हीवर आले आणि त्यांनी जाहीर केलं की या कंपन्यांच्या नव्या गाड्यांच्या वॉरंटीमागे आता अमेरिकेचं सरकार उभं राहील. 1 जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. बघा, कंपनीची गॅरंटी कोण देतं? तिथे शेवटी देशाच्या तिजोरीला द्यावी लागली. आपल्याकडे अशी सोय नाही.

आता 2013. त्या जुलैमध्ये कंपनीने 1 लाख 14 हजार तवेरा परत बोलावल्या. 2005 ते 2013 मध्ये बनलेल्या. कारण ब्रेकचं नव्हतं, स्टिअरिंगचं नव्हतं. कंपनीनेच सरकारला कळवलं होतं की आपल्या काही कर्मचाऱ्यांनी प्रदूषणाच्या चाचणीत खेळ केला. तपासणीसाठी जाणाऱ्या गाड्यांमध्ये कमी धूर सोडणारी, निवडून ठेवलेली इंजिनं बसवली जात होती. गाडीच्या वजनाच्या आकड्यांतही घोळ होता, कारण वजनाच्या गटानुसार नियम कडक किंवा सैल होतात. वरिष्ठ अधिकाऱ्यांसह अनेकांना काढून टाकलं गेलं. सरकारच्या समितीने या प्रकाराला कॉर्पोरेट फसवणूक म्हटलं. फोक्सवॅगनचं जगप्रसिद्ध प्रकरण 2015 चं. आपलं त्याच्या दोन वर्षं आधीचं आहे, आणि फार कुणाला आठवतही नाही.

इथे थोडं थांबू या. तवेरावाल्याची गाडी बंद पडली होती का? नाही. वॉरंटीत क्लेम करण्यासारखं काही झालं होतं का? तेही नाही. वॉरंटी बिघाडाची असते, खोटेपणाची नसते. पण ज्याने आयुष्याची बचत आणि बँकेचं कर्ज घालून तवेरा घेतली आणि धंद्याला लावली, त्याच्यासाठी गाडी म्हणजे नुसतं यंत्र नव्हतं. पाच वर्षांनी विकायची मालमत्ता होती. कंपनीचं नाव पेपरात असं आलं की त्याच मालमत्तेची किंमत उतरते. विश्वास कमी झाल्याची पहिली नोंद जुन्या गाड्यांच्या बाजारात होते, आणि तो तोटा कुठलीच वॉरंटी भरून देत नाही.

कायद्याचंही सांगून टाकतो. तेव्हा गाड्या परत बोलावण्याचे नियम कंपन्यांच्या संघटनेने 2012 मध्ये स्वतःच आखलेले आणि ऐच्छिक होते. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली, आणि एप्रिल 2021 पासून सरकार कंपनीला सदोष गाड्या परत बोलवायला भाग पाडू शकतं. तुमची स्वतःची तक्रार असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, बुलढाण्यातही आहे. 2019 च्या नव्या ग्राहक कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. शोरूम अकोल्यात आणि कंपनी दिल्लीत असली तरी.

परत गोष्टीकडे. 2013 नंतर शेव्हरोलेची विक्री घसरत गेली. मग 29 जुलै 2015 ला जागतिक प्रमुख मेरी बारा भारतात आल्या. घोषणा मोठी होती: एक अब्ज डॉलरची गुंतवणूक, पाच वर्षांत पाच नवी मॉडेल, हालोल बंद करून सगळं लक्ष तळेगाववर. त्याच वर्षी 'शेव्हरोले कम्प्लीट केअर' नावाची योजना आली. वॉरंटी, देखभालीचा खर्च, रस्त्यात गाडी बंद पडल्यावर मदत, सगळं एका बंडलात. कागदावर गिऱ्हाइकाची काळजी इतकी कधीच घेतली गेली नव्हती. ही मंडळी खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. योजना करणाऱ्यांना बहुधा खरंच वाटत होतं की वचन वाढवलं की विश्वास वाढेल.

18 मे 2017. कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेरपर्यंत भारतात गाड्या विकणं बंद. मेरी बारा यांच्या घोषणेला दोन वर्षंही झाली नव्हती. 2016-17 मध्ये देशात विकलेल्या गाड्या होत्या 25,823, म्हणजे बाजाराचा एक टक्काही नाही. त्याच वर्षी तळेगावहून परदेशी पाठवलेल्या गाड्या सत्तर हजारांच्या पुढे, आधीच्या वर्षाच्या जवळपास दुप्पट. म्हणजे मावळातल्या कामगारांनी बनवलेली बीट मेक्सिकोच्या रस्त्यांवर मजेत धावत होती. बनवण्यात खोट असती तर निर्यात वाढली नसती. इथल्या गिऱ्हाइकाचा कंपनीवर भरवसा उरला नव्हता, आणि कंपनीचा इथल्या बाजारावर.

वॉरंटीचं काय? कंपनीने सांगितलं की दिलेल्या वॉरंटी पाळू, सर्व्हिस आणि स्पेअर पार्ट चालू ठेवू. वचन कायम होतं, पण ते पोचवायचं कुणी? डीलरने. त्या डीलरांचीच दुकानं उठत होती. नव्या गाड्या विकून चालणारं शोरूम नुसत्या सर्व्हिसवर किती तग धरणार? डीलर भरपाईसाठी भांडत होते आणि त्यांची संघटना रस्त्यावर उतरली. मोठ्या शहरात एक सेंटर बंद झालं तर दुसरं असतं. लोणार किंवा सिंदखेडराजाच्या माणसाला वॉरंटीचा क्लेम म्हणजे मुळातच एका दिवसाची मजुरी आणि जाऊन-येऊन दीडशे-दोनशे किलोमीटर. त्यात जवळचं सेंटर बंद झालं, की कागद खरा असूनही उपयोगाचा राहत नाही.

तळेगावचा कारखाना डिसेंबर 2020 पर्यंत निर्यातीसाठी चालला. मग तोही थांबला आणि चौदाशेच्या आसपास कामगारांचा लढा सुरू झाला. त्यांनाही कुणीतरी भवितव्याचं वचन दिलेलं होतंच की. 2020 च्या जानेवारीत ग्रेट वॉल या चिनी कंपनीने कारखाना घ्यायचं ठरवलं होतं, पण गलवाननंतर परवानगी मिळाली नाही आणि 2022 मध्ये तो सौदा मोडला.

शेवटी कारखाना घेतला ह्युंदाईने. करार ऑगस्ट 2023 चा. आणि इथे माझ्यातला इतिहासवेडा जागा झाला, कारण वॉरंटीच्या इतिहासात ह्युंदाईचा एक फार मोठा धडा आहे.

1986 मध्ये ह्युंदाई अमेरिकेत गेली. एक्सेल नावाची स्वस्त गाडी, पहिल्याच वर्षी 1 लाख 68 हजारांवर विकल्या. मग त्या बिघडायला लागल्या. टीव्हीवरच्या कार्यक्रमांत ह्युंदाई म्हणजे हमखास हशा. 1998 मध्ये विक्री नव्वद हजारांवर आली. तेव्हा कंपनीने जाहीर केलं: इंजिन आणि गिअरबॉक्सवर दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची वॉरंटी. लोकांना वाटलं, वेडे झाले का हे? ज्यांच्या गाड्या बिघडतात त्यांनीच दहा वर्षं फुकट दुरुस्तीचं ओझं घ्यायचं? पण 1999 मध्ये चुंग मोंग-कू यांच्या हाती कंपनी आली आणि त्यांनी कारखान्यात गुणवत्तेचा धोशा लावला. वॉरंटी जितकी लांब तितका प्रत्येक बिघाड कंपनीच्या खिशातून, त्यामुळे गाडी सुधारण्यावाचून गत्यंतरच राहिलं नाही. 2003 मध्ये तिथे त्यांनी चार लाख गाड्या विकल्या.

आपल्या पुण्याचं उदाहरणही याच जातीचं. टाटांची इंडिका, डिसेंबर 1998. बुकिंग लाखाच्या वर, लोकांनी पूर्ण पैसे भरलेले, आणि मग तक्रारींचा पूर. टेल्कोने विकलेल्या गाड्या बोलावून भाग फुकट बदलून दिले. 2000-01 मध्ये कंपनीला पाचशे कोटींचा तोटा झाला. 2001 मध्ये सुधारलेली इंडिका व्ही-टू आली आणि धडाक्यात चालली. टॅक्सीवाल्यांनी तर ती अक्षरशः झिजवली. इथे वॉरंटीची वर्षं किती होती हे कुणाच्या लक्षातही नाही. कंपनीला दुसरीकडे जायला जागा नव्हती, हे मात्र गिऱ्हाइकाला माहीत होतं. म्हणून ह्युंदाईचं आणि टाटांचं उदाहरण मी जनरल मोटर्सच्या शेजारी ठेवतो. तिघांनीही विश्वास गमावला होता. दोघांनी तो गाडीत खर्च करून परत घेतला. तिसऱ्याकडे निघून जायचा रस्ता मोकळा होता, आणि तो त्याने 1954 नंतर दुसऱ्यांदा धरला. वचनाचे शब्द मात्र तिघांचेही जवळपास सारखेच होते.

2025 मध्ये तळेगावहून पुन्हा गाड्या निघू लागल्या, ह्युंदाईच्या.

आता तुमच्या कोटेशनवरच्या त्या ओळीबद्दल. घ्यायची तर वॉरंटी नेमकी कुणाची आहे ते वाचा, गाडी बनवणाऱ्या कंपनीची, डीलरची की तिसऱ्याच कुणाची. गाडी विकली तर ती पुढच्या मालकाच्या नावावर होते का ते विचारा. एखादी सर्व्हिस बाहेर केली तर काय होतं, तेही. आणि सगळ्यात आधी नकाशा उघडून तुमच्या तालुक्यापासून सर्व्हिस सेंटर किती लांब ते मोजा.

बाबांनी काय केलं? शोरूममधून निघाल्यावर ते थेट खामगावच्या आमच्या मिस्त्रीकडे गेले. त्याच्याकडे तेव्हाही एक तवेरा उघडून ठेवलेली होती, अजून धंद्यावर आहे म्हणाला. बाबांनी त्याला विचारलं की या नव्या गाडीचे कुठले भाग इथे मिळतात आणि कुठले मागवावे लागतात. अर्धा तास दोघं बोलत होते, मी उसाचा रस पीत होतो. मग गाडी घेतली, एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली नाही. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपायच्या आत ती नंतरही घेऊ देतात, अर्थात थोडी महाग पडते. बाबा म्हणाले, "तिसऱ्या वर्षी पाहू. तवा कंपनी दिसली, तर घेऊ."

अजून दोन वर्षं हातात आहेत. भेटू पुढच्या एपिसोडला.